मॅडमच्या नावानं बुजवलेली दारं

बोरगावे मॅडमशी माझी पहिली ओळख गाडी लावण्यावरून झाली. मी मुखेडहून नांदेडला कॉलेजला नवीनच आलो होतो. कॉलेजमागच्या कॉलनीत ओपन स्पेसची एक मोकळी जागा आहे, तिथं गाडी लावली तर कुणी बोलत नाही असं मला पोरांनी सांगितलं होतं. मी स्टँड लावला, वळलो, तर मागून आवाज आला.

"ए बाबा, ती गाडी उचल."

मी गाडी पुढं ढकलायला लागलो.

"ढकलू नको. उचल म्हणते मी. तुझं चाक कुणाच्या तरी दारात आहे."

मला दार कुठंच दिसेना. दिसत होत्या फक्त एक बाई. पांढरे केस, सुती साडीवर लांब बाह्यांचा शर्ट, बुटक्या स्टुलावर उन्हात बसलेल्या. समोर मातीवर सायकलची जुनी रिंग आडवी टाकलेली, मांडीवर वही. मी मागचं चाक उचलून बाजूला ठेवलं. खाली पेन्सिल जाईल एवढं एक भोक होतं. वर घिरट्या घालणारी एक बारीक माशी, पायांना पिवळे पराग माखलेली, सरळ त्या भोकात उतरली. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हं. पोचली घरी."

मी मॅडमचा विद्यार्थी नाही. मी आलो तेव्हा त्यांना प्राणिशास्त्र विभागातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हजेरीपटावर नाव नसताना शिकणाऱ्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण गेली नऊ वर्षं मी तो आहे. या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहा म्हणून समितीचा फोन आला तेव्हा मला बजावलं गेलं, की गोड लिहा, हा गौरवग्रंथ आहे. मला तसं जमणार नाही. मॅडमचा गौरव करायच्या नादात आपण, म्हणजे मीसुद्धा, जे करून बसलोय ते लिहिल्याशिवाय मला त्यांचं नाव घेता येत नाही. पण आधी त्या काय करतात ते नीट सांगू द्या. नाहीतर हा पोरगा कशावर चिडलाय, हेच कुणाला कळायचं नाही.

मॅडम रानमाश्या मोजतात. म्हणजे मधाच्या पेटीतल्या माश्या नाहीत, झाडाला लटकणारं आग्या मोहोळही नाही. आपल्या आजूबाजूच्या बहुतेक रानमाश्या मोहोळ करतच नाहीत. एकेक आई एकटी राहते. उघड्या मातीत बीळ खणते, आत परागाचा लाडू वळून ठेवते, त्यावर अंडं घालते, दार लिंपते आणि दुसरी खोली खणायला घेते. पिल्लू आत लाडू खात वाढतं. कुणी गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नेतं आणि त्याची अंगडी-टोपडी करतं, कुणी मातीच्या भिंतीत राहतं, भुंगा वाळलेल्या लाकडात. मॅडमनी पोरांच्या तोंडून आलेली नावंच कायम केली आहेत: मातीमाशी, पानकापी, निळपट्टी. शास्त्रीय नावं वहीच्या मागच्या पानांवर आहेत, बरोबर स्पेलिंगसकट.

जुन्या नांदेडातल्या गल्ल्यांपासून अर्धापूर रस्त्यापर्यंत त्यांनी सात जागा धरल्या आहेत. दर पंधरवड्याला प्रत्येक जागी रिंग टाकायची, दहा मिनिटं बसायचं, रिंगच्या आत किती फुलं उमललीत आणि किती माश्या आल्या ते लिहायचं. पंचवीसेक वर्षं हे चाललंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन पंधरवडे चुकले, तर वहीत त्या दोन पानांवर त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. अंदाजानं भरता आलं असतं की, असं मी एकदा म्हणालो. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

या वह्यांतून जे निघालं ते ऐकून मी चक्रावलो होतो. मला वाटायचं, शहर वाढलं की माश्या संपतात, एवढं सरळ आहे. मॅडमच्या वह्या म्हणतात, तसं नाही. जुन्या नांदेडात, जिथं घराला घर चिकटलंय, तिथं डब्याडब्यांत तुळस आहे, नालीच्या कडेला एकदांडी फुललेली आहे, पडक्या भिंतीला माती आहे, आणि तिथं माश्यांच्या जाती नव्या लेआउटपेक्षा जास्त आहेत. नव्या लेआउटमध्ये जागा ऐसपैस, पण फुलं म्हणजे पराग नसलेली शोभेची, आणि माती म्हणजे फरशीखाली झाकलेली. बारीक माशी घरापासून दोन-चार गल्ल्यांपलीकडं उडत नाही. तेवढ्यात फूलही पाहिजे आणि खणायला उघडी जमीनही. दोन्हीपैकी एक काढा, ती गेली. तरवड, कुर्डू, रानतुळस यांना कचरा म्हणणारा आणि मातीला घाण म्हणणारा माणूसच रानमाश्यांचा शत्रू आहे. तो गर्दीच्या गल्लीत कमी आणि ऐसपैस कॉलनीत जास्त सापडतो.

हे सगळं घेऊन मॅडम एकदा शहर आराखड्याच्या सुनावणीला गेल्या होत्या. पिशवीत नऊ वह्या. त्यांना तीन मिनिटं मिळाली. साहेबांनी विचारलं, याचा नकाशा आहे का. मॅडमनी पुढच्या आठवड्यात हातानं काढलेला नकाशा नेला, तर सुनावणीची मुदत संपली होती. मी तो नकाशा बघितलाय. सात जागा, त्यांच्याभोवती उडायच्या अंतराची वर्तुळं, सगळं पेन्सिलीनं. तो आता मॅडमच्या कपाटात आहे, आणि तिथं तो का आहे याचं उत्तर या शहराकडं नाही.

कामासाठीसुद्धा मॅडम खोटं बोलत नाहीत, हे मी अर्धापूरला बघितलं. एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही रिंग टाकली होती. तो म्हणाला, मॅडम, केळीला माशीचं काही काम न्हाई, तुम्ही उगी ऊन खाऊन राहिल्या. मला वाटलं, आता मॅडम त्याला जगबुडीची भीती घालतील. मॅडम म्हणाल्या, "हाव, बरोबर आहे तुमचं. केळीला लागत नाही." मग थोड्या वेळानं विचारलं, घरामागं वांगी लावता का. लावतो म्हणाला. मग मॅडमनी त्याला सांगितलं, की वांग्याचं फूल पराग कुपीत कोंडून ठेवतं, निळपट्टी त्याला धरून अंग थरथरवते तेव्हा ते बाहेर पडतात. तुमची वांगी भरून येतात त्यात तिचा हात आहे. पुढच्या खेपेला त्यानं बांधावर तणनाशक मारायचं सोडलं होतं. मॅडमना मात्र त्यानं सांगितलं, की औषध आणायला वेळच भेटला न्हाई.

नांदेडला येण्याआधी मॅडमची नोकरीची बरीच वर्षं लातूरला गेली. भूकंपानंतर किल्लारीकडं नवी गावं वसली, तेव्हा त्या तिथं शाळांतून जायच्या. एका आजीबाईंनी त्यांना सांगितलं, की नवं घर चांगलं आहे, पण दुपारी भिंतीतून गुणगुण येत नाही, लई सुनं वाटतं. ऐकणाऱ्यांना ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. मॅडमना कळलं, की जुन्या मातीच्या भिंतीत निळपट्ट्या राहायच्या आणि सिमेंटात त्यांना दार पाडता येत नाही. जुनी घरं बरी होती असं मॅडम कधीच म्हणत नाहीत. त्या भिंतींनी माणसं मारली, त्या परत नकोत, हे त्या स्पष्ट सांगतात. त्यांनी आजीबाईंच्या अंगणात, उन्हाच्या बाजूला, गुडघाभर मातीचा कट्टा घातला. तो अंगावर पडून कुणी मरणार नाही एवढाच. दुसऱ्या वर्षी कट्ट्याला भोकं पडली. माणसाचं घर पक्कं आणि माशीचं कच्चं, दोन्ही एकाच अंगणात बसतात, हे मॅडमनी तेव्हाच करून दाखवलं होतं. एवढी साधी गोष्ट नांदेडला अजून कळलेली नाही.

माझ्यावरचा त्यांचा उपकार वेगळा आहे. मी लिहितो हे कळल्यावर त्यांनी मला वहीतल्या नोंदी साफ करून लिहायला दिल्या. मी एका नोंदीत लिहिलं होतं, की उदास भुंगा कोरड्या फांदीवर एकटाच बसून होता. मॅडमनी लाल पेनानं 'उदास' खोडलं आणि म्हणाल्या, "भुंगा उदास नसतो. भुकेला असतो. तरवड कुणी तोडला ते लिही." त्या दिवसापासून मी माझ्या गोष्टींतली निम्मी विशेषणं काढून टाकली आहेत. दुसऱ्या वर्षी मी नापास झालो आणि गावाकडं तोंड दाखवायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी महिनाभर मला जेवायला बोलावलं. कारण काय, तर रिंग उचलायला माणूस पाहिजे. सायकलची रिंग कुणालाही उचलता येते.

आता त्या चार दिवसांचं.

मॅडमना पंचाहत्तर पूर्ण होणार म्हणून गौरव समिती झाली. कार्याध्यक्ष माधवअण्णा. अण्णा या कॉलनीचे माजी नगरसेवक आणि बीएस्सीला मॅडमचे विद्यार्थी. मॅडमवर त्यांचा जीव आहे, यात मला शंका नाही. मॅडमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रोज डबा अण्णांच्या घरून जायचा. त्याच अण्णांना वाटलं, की मॅडम इतकी वर्षं ज्या ओपन स्पेसमध्ये बसतात तिचं सुशोभीकरण करावं, मॅडमचं नाव द्यावं आणि कार्यक्रमही तिथंच घ्यावा. मॅडमना आधी कळू द्यायचं नाही. मला काम दिलं, मॅडमना चार दिवस नांदेडबाहेर ठेव. मी विचारलं, काय करणार आहात. अण्णा म्हणाले, एखादं बाक, नावाची पाटी, थोडी झाडं. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्या माणसाला गाडी लावताना चाकाखालचं दार दिसलं नव्हतं, त्याला आतापर्यंत एवढं तरी कळायला हवं होतं.

मी लातूरच्या एका शाळेत पोरांसाठी मॅडमचं शिबिर लावलं. मॅडम खूश होत्या. बहिणीकडं उतरल्या, पोरांना तुरीच्या शेतात नेलं, पानकापी तुरीचं फूल कसं दाबून उघडते ते दाखवलं. मी फोनवर अण्णांना कळवत होतो, मॅडम मजेत आहेत, चालू द्या.

पाचव्या दिवशी आम्ही एसटीनं नांदेडला परतलो. मॅडमचा रिंगचा दिवस होता, त्यामुळं घरी न जाता त्या स्टँडवरून सरळ ओपन स्पेसला आल्या. जागेचा वरचा अर्धा भाग गट्टूंनी भरून गेला होता. लाल, पिवळे, सहा कोनांचे सिमेंटचे गट्टू, फटीत बारीक कच दाबून भरलेली. तरवडाचं बेट नव्हतं. कुर्डू नव्हता. कडेला पाम आणि बिनपरागाची झुडपं. मध्यभागी पाटी: प्रा. सुमन बोरगावे मधुबन. पाटीखाली, माश्यांचं बघतात म्हणून, पाळीव माश्यांची एक पेटी.

आणि गट्टूंवर, घोट्याच्या उंचीवर, मातीमाश्या उडत होत्या. पायांना पराग लागलेल्या. एकाच ठिकाणी खाली यायच्या, सिमेंटला टेकायच्या, वर उठायच्या, परत तिथंच खाली.

मॅडमनी शिबिराला नेलेली रिंग खांद्यावरून काढली, गट्टूंवर ठेवली, स्टूल टाकून बसल्या. मी विचारलं, मॅडम, आता काय मोजायचं. म्हणाल्या, "या येतात त्या आया. दार शोधतायत. किती आल्या ते लिही." मी लिहिलं. दहा मिनिटं मी ते लिहिलं. त्यापेक्षा लाजिरवाणं काही मी आजवर लिहिलेलं नाही.

अण्णा धावत आले. हातात हार होता.

"मॅडम, तुम्ही आजच येणार हे कळलं न्हाई. सरप्राइज होतं. किती घाण होती इथं, काटे, गाजरगवत, साप निघून राहिले होते. बघा आता."

"गाजरगवत मीच उपटत होते रे. ही पेटी कशाला?"

"माश्यांसाठीच, मॅडम."

"चिमण्या उडवून लावायच्या आणि त्यांच्या जागी कोंबड्या आणून सोडायच्या, असं झालं हे. माधव, तू माझ्या वर्गात कुठं बसायचास?"

"शेवटच्या बाकावर."

"वाटलंच."

अण्णांनी हसायचा प्रयत्न केला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांना सांगितलं, की या फरशीखाली बंद खोल्यांत पिल्लं आहेत, जिवंत आहेत. थंडी सरली की ती माती उकरत वर येतील, डोकं सिमेंटला लागेल, आणि तिथंच मरतील. त्याच्या आत गट्टू उचलले तर वाचतील. अण्णा म्हणाले, मॅडम, पत्रिका छापल्यात, पाहुणे ठरलेत, खालच्या अर्ध्या भागातही उद्यापासून गट्टू बसणार आहेत, खुर्च्या कुठं मांडायच्या. कार्यक्रमानंतर बघू.

कार्यक्रमानंतर बघू. या जिल्ह्यात किती गोष्टी या दोन शब्दांखाली गाडल्या गेल्यात, हे मला विचारू नका. मला एवढंच कळत नाही, की एका बाईनं पंचवीस वर्षं मातीवर बसून जे सांगितलं ते आपल्यातल्या एकानंही ऐकलं नाही, आणि तरी आपण सगळे तिच्या सत्काराला सगळ्यात पुढं कसे? आपल्याला मॅडम आवडतात. त्या काय म्हणतात ते आवडत नाही. शाल टाकली की माणूस गप्प बसतो, असा आपला समज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मॅडम खालच्या, अजून उघड्या असलेल्या अर्ध्या भागात स्टूल टाकून बसल्या. रिंग टाकून मोजत राहिल्या. गट्टूंचा ट्रॅक्टर आला. कामावरच्या बायका मुखेडकडच्याच होत्या. त्यातल्या एकीनं मॅडमना विचारलं, काय बघून राहिल्या. मॅडमनी तिला बीळ दाखवलं, आणि तुरीच्या फुलावर बसणारी पानकापी हिच्याच नात्यातली, हे सांगितलं. मुकादम ओरडायला लागला तेव्हा ती बाई डोक्यावरची गट्टूंची पाटी खाली ठेवून म्हणाली, "आमच्या तुरीवरची माशी हाय ती. बाई उठल्याबिगर मी न्हाई लावणार. तुम्हीच लावा त्यांच्या अंगावर." मुकादमानं लावले नाहीत. चार सकाळी मॅडम बसल्या. पाचव्या सकाळी ट्रॅक्टर आला नाही. खालचा अर्धा भाग असा वाचलाय.

वरच्या भागाचं बोलणं मॅडमच्या व्हरांड्यात झालं. समिती आली होती. कुणी म्हणालं, मॅडम आल्या नाहीत तर पाहुण्यांना काय सांगायचं. मॅडमनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मी येते. शाल नको, नारळ नको. भाषणं थोडी ठेवा. संपल्या संपल्या गट्टू उचला, त्याच दिवशी. थंडी तुमच्यासाठी थांबणार नाही." अण्णा म्हणाले, शब्द देतो. मॅडमनी विचारलं, पहिला गट्टू कोण उचलणार. अण्णा म्हणाले, मी.

मी अण्णांना सरळ सांगितलं, मला तुमच्या शब्दाचा भरवसा नाही, म्हणून हे सगळं ग्रंथात लिहिणार आहे. संपादक मंडळ नको म्हणालं. अण्णांनी लेख वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाले, "छापा. शेवटच्या बाकाचं पण राहू द्या." त्यांचा हा मोठेपणा मी मान्य करतो. राग तेवढा कमी झालेला नाही.

गट्टू उचलल्यावर माश्या परत कधी येतील, असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, माहीत नाही, इथं ते कुणी मोजलेलंच नाही. मग म्हणाल्या, मोजावं लागेल. पंचाहत्तराव्या वर्षी, बदललेल्या गुडघ्यावर, त्यांनी नवीन वही सुरू केली आहे.

म्हणून मॅडम, तुमच्यासाठी मागणं मागताना मी संकोच करणार नाही. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, एका वहीचं नाही, अनेक वह्यांचं. गुडघे मुडपू देत, डोळे बारीक माशी टिपू देत, ऊन सोसवू दे. आमच्या हातून जे झालं ते निस्तरलं गेलेलं तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसू दे. आणि तोवर आम्हाला खडसावण्याइतका तुमचा आवाज ठणठणीत राहू दे.

आणि वाचकहो, हा ग्रंथ तुम्हाला कार्यक्रमातच मिळाला असेल. म्हणजे तुम्ही आत्ता त्या वरच्या भागात बसलेले आहात आणि तुमच्या खुर्चीखाली गट्टू आहेत. त्यांच्याखाली काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. आभारप्रदर्शन झालं की चहाकडं वळू नका. पहारी मी भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. उठा, आणि आधी आपापली खुर्ची बाजूला घ्या. ढकलू नका. उचला.